वासराच्या वाट्याचं दूध

रागीट माणसानं संशोधनाच्या नादी लागू नये असं माझं मत आहे, आणि मी रागीट आहे. आकडे लिहायचे, तपासायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे हे काम थंड डोक्याच्या माणसाचं. माझं डोकं कायम तापलेलं. तरी त्या दुष्काळात मी जे केलं ते आजही छाती फुगवून सांगते. त्यात माझ्या हातून जी चूक झाली तीही सांगते, कारण ती वगळली तर छाती फुगवण्यासारखं काही उरतच नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. त्याआधी साध्या दाखल्यासाठी उस्मानाबादची एसटी धरावी लागायची आणि साहेब जागेवर नसले की तसंच परत यावं लागायचं. आता साहेबच आमच्या गावात राहायला आले. भाड्याच्या इमारतींवर नव्या पाट्या लागत होत्या. एका दालमिलच्या माडीवर तर अख्खं खातं बसलं होतं. खाली तुरीची टरफलं उडायची आणि वर फायलींवर जाऊन बसायची. सगळीकडे रंगाचा आणि नव्या लाकडाचा वास. फक्त पाऊस तेवढा नव्हता. लागोपाठ दोन वर्षं त्यानं तोंड फिरवलं होतं, आणि लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे, जिल्हा आला अन् पाणी गेलं.

आमचं मूळ गाव चाकूरजवळ. तिथं आम्हाला जमीन नव्हती, त्यामुळे गाय नव्हती, त्यामुळे गोठाही नव्हता. आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती माझ्या जन्माआधी. बाबा लातूरला दालमिलमध्ये हमाली करायचे आणि मी त्या हमालीवर शिकून दुग्धशास्त्राची पदवीधर झाले होते. ज्या घरात कधी दावणीला जनावर बांधलं नाही त्या घरातली मुलगी गायींवर संशोधन करणार, याचं मिलमधल्या लोकांना फार हसू यायचं. बाबांना नाही यायचं. ते ज्याला त्याला सांगायचे, "पोरगी गाईची डॉक्टर हाय." मी डॉक्टर नव्हते. शंभरदा सांगूनही त्यांनी ते सोडलं नाही.

आमच्या खात्यातल्या सरांनी एक तुलना मांडली होती आणि मी त्यांची सहायक होते. एका बाजूला शहराभोवतालचे आठ गोठे. तिथं संकरित गायी, विकतचा पोत्यातला खुराक, युरिया घालून वाढवलेला हिरवा चारा, बोअरचं पाणी, महिन्याला इंजेक्शन. दुसऱ्या बाजूला देवणीच्या वाटेवरच्या एका गावातली आठ घरं. तिथं देवणी गायी, घरच्या ज्वारीचा कडबा, माळावरची चराई, गावच्या घाण्यावरची करडईची पेंड, आणि दुखलं-खुपलं तर झाडपाला. आज याला सेंद्रिय म्हणतात आणि दुकानात वेगळी किंमत लावतात. तेव्हा आमच्या वहीत पहिल्या गटाचं नाव 'सुधारित' आणि दुसऱ्याचं 'बिनखताचा' असं होतं. नावांवरूनच कळावं की आमचा कल कुठं होता.

पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक गोठ्यात सकाळ-संध्याकाळचं दूध मोजायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, चारा-पाण्याची नोंद करायची. काम साधं. सुधारित गोठ्यांत तर फारच साधं. तिथले मालक धंदेवाईक होते. "या म्याडम, बसा म्याडम" म्हणत थेट गायीशेजारी स्टूल द्यायचे. वासरं जन्मताच वेगळी केलेली असायची आणि त्यांना पाजायचं दूधही बादलीतूनच जायचं, म्हणजे आधी माझ्या मापातून.

देवणीच्या वाटेवरच्या गावात तसं नव्हतं. तिथं पहिल्या दिवशी मी पहिल्या घरासमोर उभी राहिले तेव्हा त्या घरच्या बाईनं मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ती वाईट काही बोलली नाही. आत गेली, गोणपाट आणलं, कडुनिंबाखाली अंथरलं आणि म्हणाली, "बसा बाई हितं. सावली हाय. धार काढली की आणून देते." मग चरवी भरून आणली आणि माझ्या मापात वरून ओतली. बरोब्बर वरून. चरवीची कड माझ्या मापाला लागली नाही. इतक्या उंचावरून ओतून एक थेंब बाहेर पडला नाही. मी पुढच्या सात घरांतही तशीच झाडाखाली, नाहीतर दगडावर बसले आणि सात घरांत तसंच वरून दूध घेतलं.

मला राग आला होता. भयंकर. पण मी तो गिळला आणि मनाशी एक ठरवलं, की मी होऊन कधी यांच्या गोठ्यात पाय ठेवणार नाही. बोलवतील तेव्हा जाईन. त्यांनी बोलावलं नाही, मी विचारलं नाही. आत काय चालतं ते मला पुस्तकातून माहीत आहेच, असं मी समजत होते. पान्हा फुटावा म्हणून वासराला क्षणभर लावतात, दोन घोट पिऊ देतात, मग धार काढतात. दोन घोटांचं काय मोजायचं? असे चार महिने गेले. चार महिने माझं माप दाराबाहेर होतं आणि मला त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नाही.

त्या पहिल्या घरच्या बाईला मी मावशी म्हणायला लागले होते. पन्नाशीची, काटक, बोलायला फटकळ. तिचा मालक वारला होता आणि मुलगा साखर कारखान्यावर कामाला होता. घरी ती, तिची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय, जिला त्या भागात शेवरी म्हणतात, आणि शेवरीचा पाच महिन्यांचा गोऱ्हा. गोऱ्हा असा देखणा की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. तिकडे देवणी गोऱ्हा म्हणजे घरात उद्याचा बैल, आणि चांगला बैल म्हणजे घराची पत. मावशी त्याला स्वतःच्या ताटातली भाकरी चारायची.

उन्हाळा चढला तशी दुष्काळानं मान आवळली. विहिरी तळाला गेल्या, कडबा दिसेनासा झाला. सरकारी चारा डेपो उघडायचं ठरलं, पण चारा थोडा आणि तोंडं फार. तेव्हा चारावाटपाच्या समितीनं ठरवलं की दुभत्या जनावरालाच कार्ड द्यायचं. ठरावीक मापाखाली दूध असेल तर ते जनावर भाकड धरायचं आणि भाकडाला कार्ड नाही. आता कुणाची गाय किती दूध देते हे कोण सांगणार? प्रत्येक जण दहा लिटर सांगेल. त्या सगळ्या पट्ट्यात चार महिने रीतसर मोजलेली एकच वही होती. माझी. समितीनं सरांकडून ती मागवली, सरांनी दिली आणि चार दिवसांनी यादी तयार झाली.

सरांनी ती मला दाखवली तेव्हा ते खुशीत होते. आपलं संशोधन लगेच कामाला आलं असं त्यांना वाटत होतं. सुधारित गोठे सगळे यादीत. बिनखताच्या आठपैकी एकही नाही. शेवरीच्या नावापुढे लाल शाईनं लिहिलं होतं: भाकड. ते अक्षर समितीचं होतं, पण त्यामागचा आकडा माझा होता.

कार्ड नाही म्हणजे चारा नाही, आणि चारा नाही म्हणजे गाय-गोऱ्ह्याला बाजार दाखवणं. त्या उन्हाळ्यात बाजारात जनावरं कुणी पाळायला घेत नव्हतं, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं गावात गेले. पोस्टमननं सांगण्याआधी मी सांगावं एवढीच सभ्यता माझ्यात होती. मावशी दारात तांदूळ निवडत होती. मी यादीतलं सगळं सांगितलं. शेवटचा शब्द ऐकल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"काय म्हनली? भाकड?"

"मावशी, माप तेवढंच भरतं. मी तरी काय करू?"

"माप?" ती उठली. "तुझ्या मापाला डोळं हायत का? दोन सड गोऱ्ह्याला सोडते म्या! दोन सड!"

आणि तिनं माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, ओढलंच. अंगणातून, पडवीतून, शेणाच्या पाट्या ओलांडून थेट गोठ्यात. गाय वळून बघायला लागली. मावशीनं खाली बसून कासेला हात घातला आणि मला एकेक सड दाखवला. हे दोन आपले. हे दोन त्याचे. त्याच्या दोनांना आपण हात लावायचा नाही. कालवड असली तर एक सड, गोऱ्हा असला तर दोन. तिची सासू असंच करायची, गावातलं प्रत्येक घर असंच करतं.

"मंग तुम्ही सांगितलं कामून नाही?"

"तू इचारलं कामून न्हाई? शिकल्याली बाई तू. गाईला सड किती असतेत ते तरी मालूम असंल म्हनलं तुला!"

चार महिने मी अर्ध्या गायीचं दूध मोजत होते आणि अख्ख्या गायीच्या नावावर मांडत होते. पलीकडे शहराच्या गोठ्यांत वासराचा घोटन् घोट माझ्या मापात येत होता. तुलनेचा एक पाय लांब आणि एक आखूड होता, आणि तो मीच तसा कापला होता. ती मला दाराबाहेर बसवत राहिली आणि मी ताठ्यानं बाहेर बसत राहिले. दोघींचं जे काही होतं ते त्या मुक्या जनावरावर निघालं होतं. मला तिचाही राग आला, माझाही आला, आणि लाज तर इतकी वाटली की कान गरम झाले. तिचा हात अजून माझ्या मनगटावर होता. ते तिच्या ध्यानात नव्हतं. माझ्या होतं.

लातूरला परतून सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शक्य आहे," ते म्हणाले. "पण समितीपुढं शक्य चालत नाही. दुप्पट करून लिहा म्हणाल, तर मी नाही लिहिणार. सोमवारी यादीवर सही होते. त्याआधी मोजून आणा."

"वासराच्या पोटातलं दूध मोजून आणू?"

"तो तुमचा प्रश्न."

पिण्याआधी वासरू तोलायचं, प्यायल्यावर तोलायचं, फरक म्हणजे दूध. पुस्तकात हे एका ओळीत असतं. पण पाच महिन्यांचा गोऱ्हा तोलायचा कशात? आमच्या खात्याकडे नवी टेबलं होती, नवा शिक्का होता, काटा नव्हता. घरी येऊन मी आदळआपट करायला लागले तेव्हा बाबा जेवत होते. त्यांनी शांतपणे घास संपवला.

"मिलचा मोठा तराजू पडून हाय," ते म्हणाले. "यंदा तूरच न्हाई, तर तोलायचं काय? मालकाला इचारतो."

"वासरू हलतं बाबा. पोतं नाही ते."

"तीस साल तोलून राहिलो माय. हलत्याचं बी बघू."

शनिवारी पहाटे लोखंडी दांडी, दोन लाकडी पारडी, साखळ्या आणि वजनांची पेटी एसटीच्या टपावर चढली. उदगीरला उतरून पुढे बैलगाडी. बाबांनी कडुनिंबाची जाड फांदी बघून तराजू टांगला आणि रिकामी पारडी बरोबर येईपर्यंत एका पारड्याखाली खडे बांधत बसले. सर जीपनं आले. सगळं गाव जमलं. वासरू तोलणार म्हणजे जत्राच होती.

बाबांनी गोऱ्ह्याच्या डोळ्यांवर स्वतःचा टॉवेल बांधला. "पोत्याला भ्याव नसतं," म्हणाले, "ह्याला हाय. दिसलं न्हाई की गप बसंल." आणि खरंच, गोणपाटात गुंडाळलेला गोऱ्हा पारड्यात गप बसला. वजनं लागली. मी आकडा टिपायला पुढं झाले तर बाबांनी अडवलं. वजनं काढायचीच नाहीत, तशीच राहू द्यायची. मागून जेवढं वाढेल तेवढंच टाकायचं, म्हणजे चुकायला जागा नाही. सरांनी मान डोलावली. मला एवढा अभिमान वाटला की विचारू नका.

मग मावशीनं तिच्या दोन सडांची धार काढली. मी शेजारी उभी राहून बघितली. गोऱ्ह्याला त्याच्या दोन सडांना सोडलं. ढुशा देत देत तो मनसोक्त प्यायला. पुन्हा टॉवेल, पुन्हा गोणपाट, पुन्हा पारडं. आणि गोऱ्ह्याचं पारडं वर गेलं.

पिऊन वासराचं वजन कमी झालं होतं!

असं हसू फुटलं की झाडावरचे पक्षी उडाले. सरसुद्धा हसले. "म्हणजे," ते म्हणाले, "वासरानंच गायीला दूध पाजलं म्हणायचं." आणि वही मिटून जीपकडे निघाले.

माझा ताबा सुटला. मी पळत जाऊन जीपपुढे उभी राहिले. सहायकानं आपल्या सरांच्या गाडीपुढे असं उभं राहायचं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "संध्याकाळची धार बाकी आहे सर. एक धार. तेवढी बघून जा." डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाणी रडण्याचं आहे असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला चावले असते. सर उतरले आणि माझ्याच गोणपाटावर जाऊन बसले.

चूक कुठं झाली ते मावशीनंच सांगितलं. ती माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "अगं, पिताना मुतला न्हाई का तो? शेन बी टाकलं. पोटात जेवढं गेलं त्याच्यापरीस जास्त बाहेर पडलं. तुमी ते धरलंच न्हाई."

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. मी हसायला लागले. खरंच, एवढी मोठी पदवी घेतली आणि वासरू मुततं हे विसरले.

संध्याकाळी, ऊन कलताना, पुन्हा तराजू लागला. यावेळी रिकामं घमेलंही गोऱ्ह्याबरोबर पारड्यात ठेवून तोललं. मग मावशीनं धार काढली, गोऱ्हा सोडला आणि पदर खोचून घमेलं घेऊन त्याच्या मागं जाऊन बसली. गाव बघत होतं, साहेब बघत होते, तिला काही नव्हतं. गोऱ्हा इकडे वळला की ती इकडे, तिकडे वळला की तिकडे. जे पडायचं ते सगळं घमेल्यात. एक थेंब बाहेर गेला नाही. वरून ओततानाही तिचा थेंब कधी सांडायचा नाही, तोच हात.

गोऱ्हा पारड्यात गेला. घमेलं पारड्यात गेलं. बाबांनी दांडीवरचा हात काढला.

पारडं खाली आलं. असं आलं की जमिनीला टेकलं.

बाबा वजनं टाकायला लागले. अर्धा किलो. दांडी हलली नाही. आणखी अर्धा. मग छोटी वजनं, एकेक, अगदी अलगद. दांडी सरळ झाली तेव्हा त्यांनी टाकलेल्या वजनांची बेरीज केली आणि मी चरवीतलं दूध मोजलं. गोऱ्हा जेवढं प्यायला होता ते चरवीतल्यापेक्षा थोडं जास्तच भरलं.

"दुपटीहून वर!" मी ओरडले. ओरडलेच. मावशी घमेलं धरूनच नाचायच्या बेतात होती. सर उठले, स्वतः दांडी तपासली, वजनं पुन्हा मोजली आणि माझ्या वहीत स्वतःच्या हातानं आकडा लिहिला. मग बाबांकडे वळून म्हणाले, "काका, ती वजनं न काढण्याची युक्ती मला शिकवायला हवी होती कुणीतरी." बाबा लाजले. मला वाटलं, याच्यासाठी जगावं माणसानं.

उरलेली सात घरं त्या रात्रीनंतरच्या एका दिवसात उरकायची होती. रविवारी घरोघरच्या धारांच्या वेळा मागं-पुढं करायला लावल्या, आणि तराजू गाडीत, आम्ही गाडीमागं. एका घरी म्हातारे मालक दारात आडवे आले. तराजू अंगणात टांगा, पण तुम्ही दोघं गोठ्यात नको, असं त्यांचं म्हणणं. बाबा मुकाट्यानं मागं सरकले. मी सरकणार नव्हते, आणि मी तोंड उघडायच्या आत मावशी पुढं झाली.

"आडवे या मामंजी, खुशाल आडवे या. मंग उद्या गाईला बाजार बी तुमीच दाखवा. हिनं बाहेरून मोजलं म्हनून तर सगळ्या गाई भाकड झाल्या!"

म्हातारे बाजूला झाले. खोटं कशाला सांगू, त्यांचं मन बदललं असं मला वाटलं नाही. गोठ्यात आम्ही गेलो तरी त्या गावात घरात आम्हाला कुणी बोलावलं नाही, मावशीनंही नाही, आणि ती गोष्ट मला आजही टोचते. पण त्या दिवशी मला घर नको होतं. मला गाय हवी होती. संध्याकाळपर्यंत सातही घरं झाली. कुठं वासराच्या पोटात निम्मं गेलेलं, कुठं थोडं कमी. एकही गाय भाकड नव्हती.

सोमवारी समितीपुढं सर उठले आणि म्हणाले, "मोजणीत आमची चूक झाली होती. ती कशी झाली आणि कशी सुधारली, हे माझ्या सहायक सांगतील." मी उभी राहिले. जे होतं ते सांगितलं. संकरित गाय दूध जास्तच देते, वासराचं धरूनही जास्त देते, ते नाकारायचं कारण नाही. पण तिला लागणारा हिरवा चारा आणि पाणी या उन्हाळ्यात कुठं आहे? शहराच्या गोठ्यांतलं दूध महिन्याला उतरत चाललंय. देवणी वाळक्या कडब्यावर तग धरून आहे, वासरू पोसून वर घरालाही देते. दोन्ही पद्धती ताडून बघायच्या तर दोघींचं सगळं दूध मोजलं पाहिजे, बादलीत पडलेलं तेवढंच नाही.

समितीतले एक सदस्य पुढं वाकले. "ते सगळं ठीक आहे हो. पण वासरानं प्यालेलं दूध डेअरीला येतं का?"

मी कितीही शिकले तरी तापले की माझी भाषा गावची होते.

"आन् बैल डेअरीत तयार व्हतो का साहेब? पाऊस पडल्यावर नांगर कोन वढनार हाय, डेअरी?"

सगळी खोली हसली. ते सदस्यही हसले, त्यांची स्वतःची वीस एकर शेती होती. लाल शाईवर निळ्या शाईची रेघ ओढली गेली. आठही गायींना कार्ड मिळालं. शिवाय यादीत 'वासराने प्यालेले' असा नवा रकाना आखला गेला, आणि तो आखायला मीच पट्टी धरली.

डेपो उघडला त्या दिवशी मी मुद्दाम गेले. जनावर दाखवल्याशिवाय पेंढी मिळत नव्हती, म्हणून रांगेत माणसं कमी आणि शिंगं जास्त. मावशी शेवरीला आणि गोऱ्ह्याला घेऊन उन्हात उभी होती. तिचा नंबर आला तेव्हा क्लार्कनं मान वर न करता विचारलं, "दूध किती?"

"चरवीतलं सांगू का गोऱ्ह्याचं धरून?"

क्लार्कनं वर बघितलं, मग यादीत बघितलं. बोट एका रकान्यावरून दुसऱ्यावर नेलं, दोन्ही मिळवून कार्डावर शिक्का मारला आणि पेंढ्या काढायला सांगितल्या. मावशीनं पहिली पेंढी गाडीत टाकलीच नाही. तिथंच रांगेत सोडली आणि शेवरीपुढं टाकली. गाय कडब्यात तोंड खुपसून खायला लागली. मी खांबाला टेकून बघत राहिले.

तेवढ्यात गोऱ्ह्यानं दावं हिसडलं आणि टेबलाशेजारीच गायीखाली घुसून ढुशा द्यायला लागला. रांग अडली, मागची माणसं कुरकुरली. मावशी घाईनं त्याला ओढायला वाकली, तर क्लार्कनं हात वर केला.

"पिऊ द्या मावशी," तो म्हणाला. "त्याचं बी यादीत हाय."